फ्लास्कमध्ये काय आहे, तात्या?

पाटण, १४ नोव्हेंबर २०२४

चि. शिवांजलीस,

आशीर्वाद. पत्राच्या डोक्याला आशीर्वाद लिवायची रीत हाय म्हणून लिवला, त्याचा भलता अर्थ काढू नको.

तुझ्याशी जन्मात बोलणार न्हाई असं मी दोन वर्षांमागं ग्रामपंचायतीच्या दारात बोललो व्हतो. बोलणार न्हाई म्हणलो व्हतो, लिवणार न्हाई असं म्हणलो नव्हतो. तवा सुभेदारानं शब्द मोडला असं कुणी म्हणायचं कारण न्हाई. फोन करू नको, मी उचलणार न्हाई. उत्तर स्पीड पोस्टानं पाठव.

काम असं हाय. तुझ्या भावाला, शंभूला, कावीळ झालीया. डोळं हळद फासल्यागत पिवळं. ताट बघितलं की तोंड फिरवतो. उसाची तोड तोंडावर आलीया आन् गडी खाटंवर पडून. हितल्या डॉक्टरनं रक्त तपासलं. म्हणाला, ही पाण्यानं व्हती ती कावीळ न्हाई, सुईनं व्हती ती बी न्हाई, लिव्हरला मार बसलाय, मिरजंला न्या. मार कशाचा, तर ठावं न्हाई म्हणतो. पोरगा दारूला शिवत न्हाई, तंबाखू मळत न्हाई. मग लिव्हरला मार बसतो कसा? बसत न्हाई, पोरी. कुणीतरी बसवतं.

तू बंगळुरूला लिव्हरवरच शिकतीस ना? काचंच्या बशीत लिव्हरच्या पेशी पाळतीस, असं तुझी आई गावभर सांगत फिरती. मग एवढं कळव, की कोणतं विष थोडं थोडं पोटात गेलं म्हंजी लिव्हर असं व्हतं, आन् ते रक्तात कसं हुडकायचं.

संशय सांगू? तुझी भावजय पूजा. पोरगी कामाला वाघ हाय, त्याबद्दल माझं काय म्हणणं न्हाई. पर आताशा ती परड्यात पाण्याच्या टाकीमागं जाऊन फोनवर बोलती. मी दिसलो की "ठेवते" म्हणती. माझ्यामागं बोलण्यासारखं हाय तरी काय? तिचं माहेर विट्याचं. भाऊ अमृत गलाईवाला, तिकडं सेलमला दुकान, जुनं सोनं तेजाबात घालून शुद्ध करायचं काम. त्याला शंभू दुकानात पायजे व्हता. मी म्हणलो, माझा एकुलता एक पोरगा तेजाबाच्या वाफंत जाणार न्हाई. तवापास्नं ती माणसं माझ्यावर खार खाऊन हायत. दिवाळीला अमृत आला, पेढ्याचा पुडा देऊन गेला. पेढं शंभूनं खाल्लं. पंधरा दिवसांत कावीळ. आता तूच सांग.

पूजाच्या हातचा चहा मी आधी हुंगतो, मग पितो. कालपास्नं तो बी बंद केलाय.

शंभूची काळजी करू नको, माझं औषध चालू हाय.

लालासाहेब
निवृत्त सुभेदार

मिरज, २६ नोव्हेंबर २०२४

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चार पानं, आन् त्यात बापाची खुशाली एका ओळीत बी इचारली न्हाई. असू दे.

विषाचं नाव सांग म्हणलं तर तू उलट मलाच सवाल टाकलास, की शंभूच्या पोटात रोज काय काय जातं ते समदं कळव, "साधं वाटलं तरी कळव". बरं, कळवतो. भाकरी, कालवण, पूजाच्या हातचं. चहा, पूजाच्या हातचा. दूध आमच्याच म्हशीचं, पर तापवती पूजा. अंग दुखलं तर कवातरी मेडिकलातली गोळी. आन् अमृतचं पेढं. बास. काढा धरायचं कारण न्हाई, तो घरचा हाय आन् माझ्या हातचा हाय.

काढ्याचं नाव काढलं की तुला मिरची लागती, ठावं हाय मला. करोनात माणसं पटापटा जात व्हती, तवा बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल तोडून, ठेचून, उकळून घराघरांत कुणी पोचवली? तुझ्या बापानं. त्याबद्दल पंधरा ऑगस्टला गावानं शाल-नारळ दिला. आन् तू, माझ्या पोटची पोरगी, माईक घेऊन उभी राहिलीस. "तात्यांनी गावासाठी जीव ओतला, पण रोज, वर्षानुवर्षं, ज्याच्या त्याच्या अंगाला काय मानवतं ते न बघता काहीच पिऊ नये." पोरं फिदीफिदी हसली. सरपंच बी हसला. मी शाल खांद्यावर घेऊन माकडागत उभा. चारचौघांत बापाचं नाक कापून तू बंगळुरूची गाडी धरलीस.

मी सोता रोज पितो. सत्तरीला टेकलो, मला काय झालं? तुझी आई नाटकी, पदराआड सांडती. शंभू तेवढा माझा. सकाळी मी पेला पुढं करतो, तो उभ्यानं, एका घोटात, काय हाय ते इचारल्याबिगर रिकामा करतो. आमच्या घरात बापानं दिलेलं असंच घ्यायचं. मी माझ्या बापाच्या हातचं एरंडेल असंच घेतलंय.

शंभूला हितं मिरजंच्या दवाखान्यात भरती केलाय, वॉर्डात एकाच माणसाला पास देतात. पास पूजाकडं. मी पाव्हण्यांकडं उतरलोय, तितं काढा उकळतो, पलटणीतला जुना फ्लास्क भरतो आन् फाटकाशी पूजाच्या हातात देतो. बिनभरवशाचं माणूस, पर करतो काय? फ्लास्क परत आला की झाकण काढून आत बघतो. अजून तरी थेंब राहिलेला न्हाई.

लालासाहेब

मिरज, ५ डिसेंबर २०२४

चि. शिवांजली,

शंभूच्या बरगडीत सुई घालून लिव्हरचा तुकडा काढला. मी हितल्या डॉक्टरीणबाईंना इचारलं, तुकडा कशाला पायजे, कुणाला पायजे? त्या हसल्या. हसण्यासारखं काय व्हतं ते मला कळलं न्हाई. त्यांच्यावर बी नजर ठेवून हाय.

तुकडा बघून त्या म्हणतात ते आन् तू लिवलंस ते एकच निघालं. तुमी दोघी आधीच बोलला न्हाई ना? तू म्हणतीस, लिव्हरच्या हरेक पेशीला बाहेरनं दाराच्या कडीसारखं कायतरी असतं. अंगात पहारेकरी पेशी फिरत असतात. एखादी पेशी सडलेली, रोग लागलेली दिसली की ते कडी वाजवतात, आन् आतली पेशी गुमान सोताला संपवती. त्या कडीला म्हणायचं डेथ रिसेप्टर. नाव तरी बरं ठेवायचं, बाई! शंभूच्या अंगात पहारेकरीच बिथरल्यात आन् धडधाकट पेशींच्या कड्या वाजवत सुटल्यात, असं तुमचं दोघींचं म्हणणं.

वर आणखी लिवतीस, तसलीच दुसरी एक कडी हाय, ती वाजली की कवा पेशी मरती, आन् कवा उलट कंबर कसून जगायला लागती, लिव्हर पुन्हा भरून निघायला त्याच कडीचा उपयोग व्हतो. आत पेशीत काय तयारी हाय त्यावर समदं ठरतं. एकच कडी आन् दोन हुकूम! असल्या शिपायाला मी पहिल्याच दिवशी आत टाकला असता.

पर पहारेकरी बिथरतो हे मला पटलं. पलटणीत हे डोळ्यानं बघितलंय. वरच्या चौकीवर पहारा देणाऱ्या एका संतऱ्याला बदली मिळंना. आन् एक हवालदार घडीघडीला जाऊन त्याच्या कानाशी लागायचा, सावध रहा, दुश्मन आला, आता आला. पहाटं आपलीच माणसं पाण्याचं डबं घेऊन वर चढली. "थम, कौन आता है" म्हणायच्या आधीच यानं गोळी घातली. नशीब, डब्याला लागली. आमाला वाटलं संतऱ्याचं काय खरं न्हाई. पर साहेबानं त्याला सजा दिली न्हाई. म्हणाला, "इसको सुलाओ. और उस हवालदार को मेरे पास भेजो."

तवा शंभूच्या पहारेकऱ्यांच्या कानाशी कोण लागलंय तेवढं हुडकून काढ. पेढ्यातनं असं कायतरी जाऊ शकतं का, ते पुस्तकात बघ.

आता डॉक्टरीणबाई शंभूला स्टिरॉइड देणार म्हणं. पहारेकऱ्यांना निजवायला. तालमीतली पोरं चोरून घेतात आन् फुगतात, तेच ना हे? मी न्हाई म्हणलो. पूजानं मला न इचारता सही केली. सासरा फाटकाशी उभा असताना! बघून घेईन.

फ्लास्क रोज जातोय.

लालासाहेब

पाटण, २३ डिसेंबर २०२४

चि. शिवांजलीस आशीर्वाद. यावेळंला मनापास्नं.

शंभू घरी आला! कावीळ निम्म्याच्या बी खाली आली. डोळ्यांत पांढरं दिसाय लागलं. काल अर्धी भाकरी आन् वांग्याचं भरीत खाल्लं. तुझ्या आईनं औंधच्या यमाईला बोलल्याली साडी-चोळी काढून ठेवलीया, शंभू चालता झाला की जाणार.

आता ऐक. डॉक्टरीणबाई म्हणतात स्टिरॉइडनं गुण आला. म्हणू द्यात, त्यांचं दुकान हाय. मिरजंत रोज फ्लास्क भरून काढा कुणी पाठवला? मी. थेंब न् थेंब पोटात गेला म्हणून पोरगं उठलं. तुझ्या त्या माईकवरच्या भाषणाला हे माझं उत्तर समज. पायजे तर बंगळुरूच्या सायबांना बी वाचून दाखव.

निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, गोळ्या चुकवायच्या न्हाईत आन् बाहेरचं कोणतं बी औषध द्यायचं न्हाई. बाहेरचं कोण देतंय? बांधावरचं हाय. तरी पूजा माझ्या तोंडाकडं बघत उभी. घरी आल्यावर म्हणती, "मामा, सकाळचं काढ्याचं मी बघत जाते की. तुमी थंडीचं कशाला उठताय?"

एवढी सेवा एकाएकी कशी काय सुचली? मी म्हणलो, न्हाई. काढा मी उकळणार, पेला मी भरणार आन् शंभू माझ्यासमोर पिणार. काल पहिला पेला दिला. भिंतीला धरून उभा राहिला आन् एका घोटात संपवला. असा पोरगा नशिबानं मिळतो.

पूजा दारात उभी व्हती. तोंड असं, जणू मी पोराला मारलंय.

तुझा बाप
लालासाहेब

पाटण, १० जानेवारी २०२५

शिवांजली,

आशीर्वाद न्हाई. कशापायी न्हाई, ते पुढं वाच.

माझा संशय खरा निघाला. सकाळी काढा उकळून गाळून ठेवला आन् म्हशीकडं गेलो. परत येतोय तर पूजा मोरीशी वाकल्याली. पातेलं तिच्या हातात, काढा मोरीत. मी उभाच राहिलो. ती बी हलली न्हाई. म्हणलं, काय चाललंय? म्हणती, "ओततीया." न लाजता! म्हणलं, आजच ओततीस का रोज? तर म्हणती, "मिरजंत रोज ओतला, मामा. फ्लास्क वर नेला की बेसिनमधी ओतायची आन् धुऊन परत द्यायची. हितं घावत न्हाई मला, तुमी समोर उभं राहता. आज घावला."

मग मी जे बोललो ते लिवत न्हाई. तुझी आई मधी पडली, तिला बी बोललो. शंभू आतनं "तात्या, तात्या" करत राहिला.

पूजाला इचारलं, हे तुला शिकवलं कुणी? विट्यानं का? तर म्हणती, "ताईंनी."

तू! टाकीमागं फोनवर व्हतीस ती तू! मी अमृतला शिव्या घालत बसलो, आन् माझ्याच घरात माझ्या मागं कट करणारी माझी लेक! शंभूला दसऱ्यापास्नं खाज सुटली, भूक मेली, तवापास्नं पूजा तुला कळवतीया म्हणं. मला पत्रात "काय काय पोटात जातं" इचारत व्हतीस, आन् तुला समदं आधीच ठावं व्हतं. मला तपासत व्हतीस व्हय? बापाला?

मी पूजाला म्हणलो, हे तू मला तोंडावर का न्हाई सांगितलंस? तर काय म्हणाली ऐक. "आवं मामा, तुमाला कोण सांगणार? सांगणारी एक व्हती, तिच्याशी तुमी बोलत न्हाई."

मी म्हणलो, बॅग भर. दुपारच्या गाडीनं विट्याला घालवून दिली. शंभू उंबऱ्यापतूर आला. माझ्याकडं पाठ फिरवून खाटंवर पडला. पर संध्याकाळी पेला दिला तर घेतला. उभ्यानं.

तू बी परत लिवू नको. हे शेवटचं.

मिरज, २५ जानेवारी २०२५

शिवांजली,

शेवटचं म्हणलो व्हतो. लाज सोडून लिवतोय.

शंभू पुन्हा दवाखान्यात हाय. अतिदक्षता विभागात. पूजा गेल्यावर आठवड्यातच डोळं पिवळं झालं, मग हळदीच्या वर गेलं. मला वाटलं, काढा कमी पडतोय. सकाळचा देत व्हतो, तो दोन्ही वेळचा केला. हे तू दोनदा वाच, मी सोता लिवतोय. कमी पडतोय म्हणून वाढवला.

परवा शंभू असंबद्ध बोलाय लागला. तुझ्या आईला म्हणला, म्हशी सोडा, पलटण निघाली. ती जी रडाय लागली ती अजून रडतीया. ॲम्ब्युलन्स केली. डॉक्टरीणबाई म्हणल्या, लिव्हर झपाट्यानं चाललंय. औषध पुन्हा जोरानं सुरू करतो, पर दोन-चार दिवसांत वळलं न्हाई तर लिव्हर बदलावं लागंल, पुण्याला हलवावं लागंल, आन् तोवर तो तग धरंल असं सांगता येत न्हाई.

मग मला बाजूला घेऊन इचारलं, "घरी पुन्हा काही सुरू केलं होतं का? काढा वगैरे?"

ते "पुन्हा" माझ्या कानात सुईगत घुसलं. म्हंजी पूजानं यांना बी सांगितलं व्हतं. माझ्या मनात आलं, समद्यांनी मिळून मला पिंजऱ्यात उभं केलंय. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणलो, "न्हाई."

पोरगं आत मरणाच्या दारात, आन् सुभेदार आपलं नाक राखतोय.

दुपारी तुझ्या आईनं पाकीट हातात दिलं. गावाकडं आलतं, ॲम्ब्युलन्समधी बसताना तिनं उचललं व्हतं. मी लिवू नको म्हणलो तरी तू लिवलंस. चार पानं न्हाईत यावेळी, एकच ओळ. "फ्लास्कमध्ये काय आहे, तात्या?"

मला एवढा राग आला की पाकीट चुरगाळून खिशात कोंबलं. ठावं असून इचारती, म्हणलं. खोटं न्हाई सांगत, त्या घडीला तू समोर असतीस तर हात उगारला असता.

मग भेटायची येळ झाली. आत गेलो. पिशवी खांद्याला, पिशवीत फ्लास्क. व्हय, आणला व्हता. भरून आणला व्हता. शंभू डोळं मिटून पडलेला, नाकात नळी, हाताला नळी. मी जवळ गेलो तसं डोळं उघडलं. माझ्याकडं बघितलं, पर वळख न्हाई. म्हणला, "कोण हाय?"

मी म्हणलो, "मी रं. तात्या."

तर उठाय लागला, शिवांजली. कोपरं टेकवून, नळ्या ताणत, पाय खाटंखाली सोडाय लागला. नर्स धावली. मी म्हणलो, शंभू, निज, काय पायजे तुला? त्यानं हात पुढं केला. पेल्यासाठी. उभं राहून घ्यायचा म्हणून उठत व्हता. सोताचं नाव त्याला आठवंना, बायको कुठं हाय ते ठावं न्हाई, पर बाप समोर आला की उभं राहून पेला घ्यायचा, एवढं त्याच्या ध्यानात व्हतं.

मी बाहेर आलो. आता हे लिवतोय त्याच बाकावर बसलो आन् तो हवालदार आठवला. संतऱ्याच्या कानाशी लागून सावध रहा, सावध रहा म्हणणारा. मी तुला लिवलं व्हतं, तो कोण ते हुडकून काढ. पेढ्यात हुडक, विट्याला हुडक. माझ्या पिशवीत हुडक असं न्हाई लिवलं. काढा कशासाठी पाजत व्हतो मी? तर अंगातली ताकद जागी राहावी, रोगाशी लढाय सदा तयार राहावी, म्हणून. गावात हेच सांगत व्हतो, छाती पुढं काढून. पूजा ओतत व्हती तवा पोरगं उठत व्हतं. घरी माझ्या हातचा पेला पुन्हा चालू झाला आन् पोरगं पडलं. ह्याच्यात न कळण्यासारखं काय व्हतं? मेंढरं राखणाऱ्या पोराला बी कळलं असतं.

उठलो, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेलो, फ्लास्क टेबलावर ठेवला. म्हणलो, "सकाळी खोटं बोललो. गुळवेल हाय. चार वर्षं रोज. आता आठवडाभर दोन येळंला." मला वाटलं ओरडतील. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, लिवून घेतलं आन् म्हणल्या, "सगळ्यांना असं होत नाही, सुभेदार. एखाद्याच्याच अंगाला होतं. तुम्हाला झालं नाही, त्याला झालं." मग म्हणल्या, "आता सांगितलंत, बरं झालं. आता मला कळलं कुठल्या बाजूनं लढायचं."

मी तुझ्यासारखा शिकल्याला न्हाई. देवाला हात जोडतोय आन् तुला इचारतोय. ती दुसरी कडी, जी वाजली की पेशी कंबर कसून जगाय लागती, ती शंभूच्या लिव्हरला अजून असंल का? का मी ती बी मोडली?

फोन केलास तरी चालंल. तुझ्या आईच्या फोनवर कर.

तुझा बाप

विटा, १८ फेब्रुवारी २०२५

चि. शिवांजलीस,

आईच्या फोनवर रोज बोलतीस, पर मी फोन घेतला न्हाई म्हणून रुसू नको. कान लावून बसतो मी. आवाज निघत न्हाई एवढंच. म्हणून हे पत्र.

शंभूचं तुला ठावं हाय, तरी माझ्या हातानं लिवतो. पुण्याला न्यावं लागलं न्हाई. वाट बघत बसलो आन् लिव्हर हळूहळू वळलं. परवा त्याला घरी सोडला. अजून भिंतीला धरून चालतो, अजून गोळ्या हायत, पुढं बी लय दिवस असणार, डॉक्टरीणबाई म्हणल्या अजून धोका गेला असं समजू नका. पर तोंडात भाकरीचा घास जातोय. घरी आल्यावर सकाळी मी काय दिलं न्हाई, तरी माझी चाहूल लागली की उठून उभा राहिला. म्हणलो, "बस रं. उभं राहायचं बंद." तर हसला. आन् एवढंच म्हणला, "तात्या, पूजाला आणा."

म्हणून आज विट्याला आलोय. एकटाच.

दार अमृतनं उघडलं. दुकान सोडून बहिणीसाठी महिनाभर हितंच हाय. ज्या माणसाला मी गावभर विष घालणारा म्हणत फिरलो, तो "या मामा, बसा" म्हणला. बसलो. येताना मनात समदं पाठ केलं व्हतं, पूजा, माझं चुकलं, तू पोरगं राखलंस, मी तुलाच दाराबाहेर काढली. पर पंख्याकडं बघत बसलो.

पूजा आतनं आली. वाळलीया. नमस्कार केला, शंभूचं इचारलं, मी सांगितलं. मग आत गेली आन् चहा घेऊन आली. कप माझ्यासमोर धरला. आन् माझ्या नाकाकडं बघत राहिली. तिला ठावं हाय ना, मी तिच्या हातचा चहा हुंगतो ते. सुना आंधळ्या नसतात. अमृत बी बघत व्हता.

मी उठून उभा राहिलो. कप घेतला आन् उभ्यानं, एका घोटात पिऊन टाकला. नाक लावलं न्हाई. काय हाय त्यात, इचारलं न्हाई. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, ते चटक्याचं असं अमृतला वाटलं असंल तर वाटू दे. पूजाला तसं वाटलं न्हाई. तिनं पदर तोंडाला लावला आन् बॅग भराय आत पळाली.

साखर लय जास्त व्हती. पर बोललो न्हाई.

ती बॅग भरतीया तवर हे लिवतोय. चारची गाडी हाय. घरनं निघताना कडुनिंबावरची गुळवेल तोडायची का, असं शंभूला इचारलं व्हतं. तो म्हणला, असू द्या की तात्या, वेलीनं काय केलंय? आन् खरं हाय.

तू कवा येतीस ते कळव. सुट्टी मिळत न्हाई असली कारणं सांगू नको. आलीस की मी मोठ्यानं बोलणार न्हाई, त्या माईकचं नाव काढणार न्हाई. तुझ्या हातानं मला कायतरी प्यायला दे. काय बी दे, पोरी. मी उभ्यानं घेईन.

तात्या